कोंवळें ऊन आणि साठ हजारांची पुडी

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत उन्हाची टंचाई आहे असें कोणी म्हटलें, तर ऐकणारा त्याच्या तोंडाकडे पाहतच राहील. पाण्याची टंचाई आम्हांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उन्हाविषयीं मात्र कोणी तक्रार केली, तर ती तें फार झाल्याची. हा जिल्हा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १८ अंशांवर आहे. मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस सूर्य ऐन माध्यान्हीं डोक्यावर येतो व माणसाची सांवली त्याच्या पायांखालीं नाहींशी होते. इतकेंच नव्हे, तर डिसेंबरांतील सर्वांत लहान दिवशींही भर दुपारची सांवली माणसाच्या उंचीहून थोडी आंखूडच असते. त्या दिवशीं लंडनमधील माणूस भर दुपारीं उभा राहिला, आणि ढगांच्या कृपेनें सूर्य दिसलाच, तर त्याची सांवली उंचीच्या जवळजवळ पावणेचार पट लांब पडेल. सांवलीचा हा हिशेब वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

अशा या मुलखांत गेलीं दहापंधरा वर्षें सूर्यप्रकाश पुड्यांतून विकला जात आहे. पुडी लहान व चकचकीत. आंत एक ग्रॅम दाणेदार चुरा. वर ६०,००० हा आंकडा. दुधांत कालवून घ्यावयाची. तालुक्याच्या गांवीं, बसस्थानकासमोरील दुकानांतही ती मिळते. गुडघे दुखले, थकवा आला, केस गळूं लागले, झोंप लागेना, कीं कोणी तरी जाणता सांगतो, ‘अहो, तुमचें डी कमी असेल.’ पूर्वीं अशा वेळीं ‘उष्णता झाली असेल’ असें म्हणत; आतां त्या जागीं हें नवें निदान आलें आहे.

माझें लक्ष या विषयाकडे वळण्यास एक निमित्त घडलें. आमच्या गल्लींत एक सेवानिवृत्त गणितशिक्षक राहतात. सारा गांव त्यांस मास्तर म्हणतो. मीही म्हणतों, कारण पावकी-निमकीपासून बीजगणितापर्यंत त्यांनींच मला शिकविलें. वय ऐंशीच्या घरांत. त्यांचे गुडघे दुखूं लागले, तेव्हां ते एका डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलें, ‘ड’ जीवनसत्त्व खरोखरच कमी निघालें. डॉक्टरांनीं पुड्या लिहून दिल्या: आठवड्यास एक, याप्रमाणें आठ आठवडे. चिठी इंग्रजींत, अक्षर घाईचें. दुकानावरील मुलानें चिठी पाहून तोंडीं सांगितलें, ‘आठ आठवडे घ्या.’ मास्तरांनीं जन्मभर कोणतेंही काम अर्धवट केलें नाहीं. हेंही केलें नाहीं. रोज रात्रीं दुधांत एक पुडी, असे छप्पन्न दिवस. पहिल्या आठ पुड्या संपल्या तेव्हां त्यांनीं आणखी आणविल्या. कां म्हणून कोणी विचारलें नाहीं.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्यांची अन्नावरील वासना उडाली. पोट साफ होईना, तहान भागेना, रात्रींतून सहासात वेळां उठावें लागे. काकूंनीं हें सारें वार्धक्याच्या खातीं टाकलें. मग एके संध्याकाळीं नातवास सातचा पाढा देतांना मास्तर मध्येंच थांबले, आणि पुढें काय हें त्यांना आठवेना. त्या रात्रीं आम्ही त्यांना सोलापुरास हलविलें. रक्तांतील कॅल्शियम निरोगी माणसांत १०० मिलिलिटरमागें साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम असतें. मास्तरांचें चौदावर गेलें होतें, आणि मूत्रपिंडांस तें सोसेनासें झालें होतें. एका तरुण डॉक्टरीण बाईंनीं काकूंस शांतपणें विचारलें, ‘आजोबा घरीं काय काय घेत होते तें सारें घेऊन याल का?’ काकूंनीं रिकाम्या पुड्या टाकल्या नव्हत्या. चकचकीत कागद नातवाच्या खेळास होतील म्हणून डब्यांत ठेवल्या होत्या. मोजल्या, त्या छप्पन्न भरल्या.

मी वैद्य नव्हे. परंतु रुग्णालयाच्या बांकावर बसून राहावें लागलेल्या त्या आठदहा दिवसांत मला एका प्रश्नानें पछाडलें: जें द्रव्य सूर्य फुकट देतो, आणि ज्याच्या अभावीं मुलांचीं हाडें वांकतात, तेंच माणसास सातचा पाढा विसरावयास कसें लावतें? इतिहासाच्या अध्यापकास असा प्रश्न पडला, कीं तो मागें जाऊं लागतो.

मागें गेलें, तर कथा इंग्लंडांतील धुक्यापर्यंत जाते. आपण ज्यास मुडदूस म्हणतों, म्हणजे पाय धनुष्यासारखे वांकलेले, मनगटें फुगलेलीं, छाती कोंबडीसारखी पुढें आलेली, त्या रोगाचें सविस्तर वर्णन डॅनियल व्हिसलरनें १६४५ मध्यें आणि फ्रान्सिस ग्लिसननें १६५० मध्यें केलें. पुढें कारखान्यांचें युग आलें, शहरांवर कोळशाच्या धुराचें छत पसरलें, आणि हा रोग उत्तर युरोपांतील गरीब वस्त्यांत घरोघर शिरला. औषध म्हणून कोळ्यांच्या घरचें कॉड माशाच्या यकृताचें तेल चालत असे. त्याचा गुण येई; परंतु कां येतो हें कोणासच सांगतां येत नसे, आणि ज्याचें कारण सांगतां येत नाहीं तें विद्वानांस पटत नाहीं. तेल पुष्कळ काळ आजीबाईच्या बटव्यांतच राहिलें.

सूर्याचा संबंध ज्यानें नीट ताडला तो थिओबाल्ड पाम हा मिशनरी डॉक्टर. जपानांत कांहीं वर्षें काढून तो इंग्लंडला परतला, तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं, येथें पदोपदीं दिसणारा मुडदूस तिकडे जवळजवळ पाहिलाच नव्हता. त्यानें दूरदूरच्या देशांतील आपल्या व्यवसायबंधूंना पत्रें लिहून माहिती जमविली व १८९० मध्यें निबंध प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा, कीं गरिबी, घाण आणि निकृष्ट अन्न यांनीं मुडदूस होत असता, तर पूर्वेकडील देशांत तो अधिक दिसावयास हवा होता. तेथें नाहीं, कारण तेथें ऊन आहे. आपल्या गरिबीचा असा शास्त्रीय उपयोग झालेला पाहून हंसावें कीं रडावें, हें कळत नाहीं. पामकडे त्या काळीं फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं.

पहिलें महायुद्ध संपतांना मात्र दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले. लंडनांत एडवर्ड मेलनबीनें कुत्र्यांचीं पिलें घरांत कोंडून ओटच्या लापशीवर पोसलीं, त्यांना मुडदूस झाला, आणि कॉडचें तेल दिल्यावर तो टळला. म्हणून रोग अन्नाचा. बर्लिनमध्यें कुर्ट हुल्डशिन्स्कीनें १९१९ मध्यें मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचा प्रकाश सोडला, आणि क्ष-किरणांच्या चित्रांत हाडें भरूं लागलेलीं दिसलीं; म्हणून रोग प्रकाशाचा. त्याच्या प्रयोगांतील एक गोष्ट मला फार आवडते. त्यानें मुलाच्या एकाच हातावर प्रकाश पाडला, तरी दुसऱ्या हाताचीं हाडेंही सुधारलीं. म्हणजे कातडीवर कांहीं तरी तयार होऊन तें रक्तावाटे सर्वत्र जात होतें. इकडे युद्धानें उपाशी पडलेल्या व्हिएन्नांत हॅरिएट चिक ही विदुषी व तिच्या सहकारिणी रुग्णालयांतील बालकांवर दोन्ही उपाय लावून पाहत होत्या. दोन्हींचा गुण येत होता. १९२२ मध्यें अमेरिकेंत मॅकॉलमनें तेलांतील हें द्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वाहून निराळें आहे असें दाखवून त्यास वर्णमालेंतील पुढचें अक्षर दिलें, तें ‘ड’. १९२४ मध्यें स्टीनबॉक व हेस यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, कांहीं अन्नपदार्थांवर ते अतिनील किरण पाडले तर त्या अन्नांतच मुडदूस बरा करण्याची शक्ति येते. भांडण मिटलें, दोन्ही पक्ष खरे होते. गॉटिंगेनच्या विंडाउस यास या वर्गांतील द्रव्यांच्या रचनेवरील संशोधनासाठीं १९२८ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

या सर्व घडामोडींत हिंदुस्थानचा वाटा केवळ पामच्या पत्रव्यवहारापुरता नाहीं. त्याच १९२२ सालीं मुंबई इलाख्यांतील पाहणीवरून हचिसन व शाह यांचा लेख इंग्लंडांतील एका वैद्यक त्रैमासिकांत आला. त्यांनीं जें पाहिलें तें युरोपांतील समजुतीच्या अगदीं उलट होतें. बाहेर उन्हांतान्हांत राबणाऱ्या गरिबांच्या अन्नांत दूध-तुपाचा मागमूस नसे, तरी त्यांच्यांत मुडदूस आढळेना. आणि खाऊनपिऊन सुखी अशा, पडदा पाळणाऱ्या घरांत, मग तीं मुसलमानांचीं असोत वा हिंदूंचीं, बायकामुलांत तो आढळे. रोग श्रीमंतीचा होता. अधिक नेमकें बोलावयाचें तर भिंतींचा होता. पुढें कॅथलीन व्हॉन या डॉक्टरीण बाईंनीं काश्मीरांत पाहिलेल्या बाळंतिणींवरून हेंच अधिक दुःखानें लिहिलें. पडद्यांतील स्त्रियांचीं हाडें मऊ पडत, कटि आंत दबे, आणि प्रसूति हा मृत्यूशीं सामना होई.

हें वाचतांना मला आमच्या भागांतील जुने वाडे आठवले. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्याचें उस्मानाबाद हें नांव निजामाच्याच नांवावरून पडलेलें, तें २०२३ मध्यें अधिकृतपणें धाराशिव झालें. येथील देशमुख-पाटलांच्या वाड्यांत उंच दगडी भिंती, एकच दिंडी, आंत चौक. घरच्या स्त्रियांचें सारें आकाश म्हणजे तो चौक. बाळंतिणीची खोली तर त्याहून अंधारी. वारा लागूं नये म्हणून झरोकाही चिंध्यांनीं बुजविलेला. सव्वा महिना तेथें. वाड्याबाहेर मात्र कुणब्याची बायको अठराव्या-विसाव्या दिवशीं पोर पाटींत घालून शेतावर जाई. तिच्या हालांचें मी कौतुक करीत नाहीं. तिचीं हाडें शाबूत राहिलीं तीं निरुपायानें.

मात्र आमच्या आज्यांस अगदींच कांहीं कळत नव्हतें असें नाहीं. न्हाऊंमाखूं घातलेलें तान्हें मूल पायांवर घेऊन कोंवळ्या उन्हांत बसण्याची चाल घरोघर होती. मी स्वतः तसाच वाढलों. परंतु येथें सांवलीचा हिशेब आडवा येतो. सूर्य क्षितिजालगत असतां त्याच्या किरणांस वातावरणांतून फार लांबचा रस्ता काटावा लागतो, आणि ज्या किरणांनीं कातडींत ‘ड’ तयार होतें ते नेमके वाटेंतच गळतात. ऊब पोंचते, जीवनसत्त्व फारसें पोंचत नाहीं. ढोबळ ओळख अशी, कीं आपली सांवली आपल्या उंचीहून आंखूड असेल तेव्हांचें ऊन कामाचें. लंडनास हिवाळ्यांत अशी घटका उगवतच नाहीं. धाराशिवास ती वर्षांतील प्रत्येक दिवशीं येते, पण ती कोंवळ्या उन्हाची नव्हे. सातच्या उन्हांत सुख आहे, आणि तें कमी नाहीं. हाडांसाठीं मात्र थोडें उशिरा बाहेर पडावें लागतें. हिवाळ्यांत अकराच्या सुमारास उघड्या हातापायांवर कांहीं मिनिटें ऊन घेणें येथें कोणासही जमेल. सांवळ्या कातडीस गोऱ्या कातडीहून अधिक वेळ लागतो, एवढेंच. (वैशाखांत हाच उपदेश ऐकून कोणी म्हाताऱ्यास दुपारीं अंगणांत बसवूं नये, उष्माघात जीवनसत्त्वाची वाट पाहत नाहीं.)

मग एवढें ऊन असतां मास्तरांचें ‘ड’ कमी कां? तर मास्तर निवृत्तीनंतर घरांतच असतात. बाहेर पडले तर टोपी, उपरणें, पूर्ण बाह्यांचा सदरा. वय झालें कीं कातडीची ती शक्तीही मंदावते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत हीच गोष्ट दिसली: रुग्णालयांत दिवस काढणारे धडधाकट डॉक्टर व परिचारिका यांच्या रक्तांत तें कमी, उन्हांत कवाईत करणाऱ्या सैनिकांत अधिक. आणि नुसत्या ‘ड’कडे बोट दाखवूनही भागत नाहीं. हाडास माल लागतो कॅल्शियमचा. ‘ड’ हा तो माल आंतड्यांतून रक्तांत उचलून घेणारा हमाल. आमच्या भाकरीवर माझा लोभ आहे, परंतु ज्वारींत कॅल्शियम थोडें, आणि तिच्यांतील फायटेट नांवाचें द्रव्य आहे तेंही अडवून धरतें. भाकरीबरोबर ताकाचा गडू गेला, कीं हमाल ठेवून माल नाहीं अशी अवस्था होते.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. ऊन जास्त झालें तर कातडी भाजते, पुढें कर्करोगाचीही भीति असते. पण ‘ड’ची बाधा होत नाहीं. याचें कारण १९८१ मध्यें मायकेल होलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उलगडलें. कातडींत जीवनसत्त्वाची पूर्वावस्था एका मर्यादेपर्यंत तयार झाली, कीं पुढचें ऊन तिचीं निरुपद्रवी रूपांतरें करूं लागतें. म्हणजे जो सूर्य भांडें भरतो, तोच वरचें सांडून टाकतो. तोंडावाटे घेतलेल्या द्रव्यास अशी सांड नाहीं. पोटांत गेलें तें बहुतेक रक्तांत गेलें. उरलें तें चरबींत जाऊन बसलें, आणि तेथून तें आठवडेच्या आठवडे झिरपत राहतें.

जुन्या तेलांत एक नैसर्गिक अडसर होता, चव. कॉडच्या तेलाच्या एका चहाच्या चमच्यांत सुमारें ४०० एकक ‘ड’ असे, आणि दुसरा चमचा कोणी आपण होऊन मागत नसे. बालकांसाठीं रोज ४०० एककांची मात्रा पुढें जगभर रूढ झाली, तिचें मूळ या चमच्यांत आहे. आमच्याकडे दुसऱ्या महायुद्धांत नॉर्वेचें तेल येईनासें झालें, तेव्हां पश्चिम किनाऱ्यावर मुशीच्या यकृताचें तेल काढण्याचे उद्योग निघाले. त्यांत ‘अ’ विपुल, पण ‘ड’ थोडें. कट्टर शाकाहारी घरांतही मुलांचीं नाकें दाबून हें तेल पाजीत, आणि तें औषध असल्यानें मासा मानीत नसत. हें आपल्या धर्मशास्त्राचें लवचीकपण मला नेहमींच कौतुकाचें वाटत आलें आहे. आजची पुडी बहुधा लोकरीपासून येते. मेंढ्यांची लोकर धुतांना निघणाऱ्या चरबींतील द्रव्यावर अतिनील किरण पाडून ‘ड’ बनवितात.

रसायनशाळेनें चव काढून टाकली आणि मात्रा दाट केली. किती दाट, हें एककांच्या आंकड्यांवरून कळत नाहीं. चाळीस एककें मिळून एक मायक्रोग्रॅम होतो. साठ हजार एकक म्हणजे दीड मिलिग्रॅम. मालदांडी ज्वारीचा एक दाणा सुमारें तीस मिलिग्रॅम धरला, तर पुडींतील खरें औषध त्या दाण्याच्या विसाव्या भागाएवढें. बाकीचा चुरा भर घातलेली. आणि रोजचे ४०० एकक म्हणजे त्याच दाण्याचा तीन हजारावा भाग. ज्या वस्तूचें माप असें चालतें, ती ‘शक्तीची गोळी’ समजून चालत नाहीं. हेंच द्रव्य मोठ्या प्रमाणांत घालून परदेशांत उंदीर मारण्याचें विष विकतात, हें वाचलें तेव्हां मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवलें.

धोक्याची सूचना उशिरा आली असेंही नाहीं. अतिनील किरण पाडलेल्या द्रव्याचा मोठा डोस दिलेले प्राणी खंगून मरतात, त्यांच्या रक्तवाहिन्यांत व मूत्रपिंडांत चुना सांचतो, हें जर्मनींत क्राइटमेयर व मोल यांनीं १९२८ मध्येंच लिहिलें. विंडाउस यास पारितोषिक मिळालें तेंच वर्ष. तरी पुढील वीस वर्षें माणसें थांबलीं नाहींत. १९३० नंतर सांधेदुखीच्या रोग्यांस अमेरिकेंत दररोज दोन दोन लक्ष एकक व त्याहूनही अधिक देण्याचा प्रघात पडला. कित्येकांचीं मूत्रपिंडें बिघडलीं. जर्मनींत एकदमच सहा लक्ष एकक देऊन मुडदूस टाळण्याची रीत निघाली, आणि पूर्व जर्मनींत ती पुढें अनेक वर्षें तान्ह्या मुलांस दर कांहीं महिन्यांनीं देण्यांत येई. आपल्याकडे सहा लाखांचें इंजेक्शन अजून देतात. तो आंकडा कोठल्या काळांतला आहे हें घेणाऱ्यास ठाऊक नसतें.

सर्वांत शिकविणारा प्रसंग ब्रिटनचा. युद्धकाळीं सरकारनें मुडदूस हटविण्याच्या सद्धेतूनें मुलांच्या दुधाच्या भुकटींत ‘ड’ घातलें, तयार लापशींत घातलें, शिवाय कॉडचें तेल फुकट वाटलें. प्रत्येक हात दुसऱ्या हाताचें काम विसरला. कांहीं बालकांच्या पोटांत रोज चार हजार एककांपर्यंत जाऊं लागलें. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत दोनशेंहून अधिक तान्हीं मुलें वाळूं लागलीं, ओकूं लागलीं; रक्तांत कॅल्शियम चढलेलें. १९५७ मध्यें सरकारनें मात्रा उतरविली आणि हे रोगी कमी झाले. पण तेंच दूध पिणारीं लाखों मुलें धडधाकट होतीं, तीं कां? याचें एक उत्तर २०११ मध्यें मिळालें. कांहीं मुलांत हें जीवनसत्त्व मोडून टाकणाऱ्या यंत्रणेचा आनुवंशिक घटकच सदोष असतो. त्यांस सर्वांची मात्रा ही विषाची मात्रा ठरते.

मोठा डोस विषारी ठरला नाहीं तरी हितकर असेल असें नाहीं, हें ऑस्ट्रेलियांतील एका प्रयोगानें दाखविलें. सत्तरीपुढील २,२५६ स्त्रियांपैकीं निम्म्यांस वर्षांतून एकदां पांच लक्ष एकक देण्यांत आले, कीं म्हातारपणीं पडून हाडें मोडूं नयेत. २०१० मध्यें निकाल आला: औषध घेतलेल्या अधिक वेळां पडल्या, आणि त्यांचीं हाडें अधिक मोडलीं. पुढें अमेरिकेंत २५,८७१ माणसांवर रोज २,००० एकक देऊन पाहिलें. मूळच्या निरोगी माणसांचीं हाडें मोडण्याचें प्रमाण त्यानें घटलें नाहीं, असें २०२२ मध्यें जाहीर झालें.

हा सारा इतिहास डोळ्यांखालून घातल्यावर मी त्या तरुण डॉक्टरीण बाईंना विचारलें, ‘मग पुडी वाईट म्हणावयाची काय?’ त्या हंसल्या. म्हणाल्या, ‘सर, आजोबांना तिची गरज होतीच. आठ पुड्यांची होती.’ मग त्यांनीं मला बरेंच समजावून दिलें, तें माझ्या शब्दांत लिहितों. तान्ह्या मुलास रोज ४०० एककांचे थेंब देतात, आणि तेथें बाटलींतील मापानेंच मोजावें लागतें, कारण निरनिराळ्या बाटल्यांत दाटपणा निराळा असतो. मोठ्या माणसास रोज ६०० एकक पुरतात, असें २०२० सालीं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें ठरविलें आहे. (ही संस्था मूळ कुन्नूरची, १९५८ मध्यें हैदराबादेस आली, म्हणजे आमच्या जिल्ह्याचे हुकूम अजून हैदराबादेहून सुटतात.) वैद्याच्या देखरेखीवांचून रोज ४,००० एककांच्या पलीकडे जाऊं नये. साठ हजारांची पुडी ही कमतरता सिद्ध झालेल्यांसाठीं, ठराविक आठवड्यांसाठीं. ते संपले कीं थांबावयाचें किंवा लहान मात्रेवर यावयाचें. निरोगी माणसानें हौसेनें रक्त तपासून घेऊं नये, आणि पन्नाशीपुढें ‘ड’ द्यावयाचेंच तर मोठ्या खेपेऐवजीं रोजची लहान मात्रा बरी, असा सल्ला २०२४ मध्यें अमेरिकेंतील अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संस्थेनेंही दिला. मूतखड्याची खोड असलेला, मूत्रपिंड दुबळें असलेला, रक्तदाबासाठीं विशिष्ट मूत्रल गोळ्या घेणारा, यांनीं तर विचारल्यावांचून कॅल्शियमच्या गोळीसही हात लावूं नये. शेवटीं त्या म्हणाल्या, ‘आणि घरांत जें जें येतें तें एकत्र मांडा. शक्तीची भुकटी, हाडांची गोळी, केसांची गोळी. सगळ्यांत डी असतं.’ ब्रिटन १९५७ मध्यें जें शिकलें, तें बाईंनीं एका वाक्यांत सांगितलें.

मास्तरांस सलाईनवर ठेवलें, कॅल्शियम उतरविण्याचीं औषधें दिलीं, दूध बंद केलें, ऊनही कांहीं दिवस वर्ज्य केलें. पंधरवड्यानें ते घरीं आले. परंतु रक्तांतील ‘ड’ खालीं येण्यास कित्येक महिने गेले, आणि दर महिन्यास सोलापूरची वारी चुकली नाहीं. मूत्रपिंड पुष्कळसें सुधारलें; पूर्वीसारखें मात्र झालें नाहीं. गुडघे अजून दुखतात.

चूक कोणाची, याचा काथ्याकूट गल्लींत पुष्कळ झाला. डॉक्टरांनीं चिठी बरोबर लिहिली होती. दुकानावरच्या मुलानें सांगितलें तें खोटें नव्हतें. मास्तरांनीं ऐकलें तेंच केलें. ‘आठवड्यास एक’ एवढे दोन शब्द मराठींत कोणी उच्चारले नाहींत, आणि पुडीवरचा सारा मजकूर इंग्रजींत. माझ्या मनांत याविषयीं राग आहे. पण तो नेमका कोणावर काढावा तें मला ठरवितां आलेलें नाहीं.

परवां मी त्यांच्याकडे गेलों, तेव्हां ते ओसरीच्या कडेला बसले होते. साडेदहा वाजले असावेत. पायांवर ऊन होतें, डोकें सांवलींत. नातवाची पाटी मांडीवर. मला म्हणाले, ‘ये, बस. हें बघ, मीं हिशेब केला.’ पाटीवर एका बाजूस ८ × ६०,००० = ४,८०,००० आणि दुसऱ्या बाजूस ५६ × ६०,००० = ३३,६०,००० असें स्वच्छ अक्षरांत लिहिलें होतें. ‘बरोबर सात पट,’ ते म्हणाले, ‘आणि अडखळलों तोही सातच्याच पाढ्यांत.’ मग त्यांनीं नातवास हांक मारून पाटी पुसावयास सांगितली.